घास अडकून केअर सेंटरमध्ये मृत्यू: नाशकात तक्रार कुठे करायची, कोणते कागद लागतात

आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: मऊ-पातळ आहार, बसवून भरवणे, पाणी चमच्याने. अर्धांगवायूनंतर तिला नीट गिळता येत नव्हतं. नाशकातल्या ज्या केअर सेंटरमध्ये तिला ठेवलं होतं, तिथल्या रजिस्टरात त्या दुपारी तिच्या नावापुढे ‘पोळी-भाजी’ आहे आणि पुढच्या रकान्यात ‘घेतले’ अशी खूण. मृत्यूचं कारण म्हणून हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून आलं. संध्याकाळी अमरधामला अंत्यसंस्कार झाले. ‘म्हातारं शरीर, आता कशाला चिरफाड,’ हे वाक्य माझंच होतं. खालची बरीचशी माहिती त्या वाक्यानंतर शिकलेली आहे.

पहिले दोन दिवस

हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. ते का बंद पडलं, हा प्रश्न आहे. जेवताना ठसका लागला, चेहरा निळा पडला, ‘मावशींनी पाठीवर थोपटलं’ असं कुणी सांगितलं असेल, तर देह ताब्यात घेण्याआधी त्या भागाच्या पोलीस ठाण्यात कळवा, किंवा 112 लावा. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 194) आणि देह शवविच्छेदनासाठी जातो. नाशिक शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांना दिलेल्या जबाबात ‘जेवताना घडलं’ आणि वेळ, हे दोन्ही येऊ द्या. डॉक्टर शवविच्छेदनाला उभे राहतात तेव्हा त्यांच्या हातात तोच कागद असतो.

इथे एक बारकावा आहे, आणि समोरचा वकील नेमका तोच धरतो. श्वासनलिकेत अन्न सापडलं म्हणजे घास अडकूनच मृत्यू झाला, असं आपोआप ठरत नाही. मरताना किंवा छाती दाबताना पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून अन्न कुठे होतं, घट्ट घास होता की पचत आलेला लगदा, याची नोंद महत्त्वाची. आणि अहवालाच्या जोडीला ‘काय भरवलं, कुणी भरवलं, बसवून की आडवं ठेवून’ याचा पुरावा लागतोच.

तो पुरावा बहुतेक वेळा सीसीटीव्हीत असतो, आणि जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. काही ठिकाणी दोन आठवडेही टिकत नाही. आपण रामकुंडावर दहाव्याच्या तयारीत असतो, तेवढ्यात ती दुपार पुसली गेलेली असते. म्हणून दुसऱ्याच दिवशी संस्थेला लेखी पत्र द्या: अमुक तारखेचं, सकाळी अमुक ते रात्री अमुक वेळेचं जेवणाच्या खोलीचं आणि वॉर्डाचं चित्रण जपून ठेवा. पोच घ्या, ईमेलही करा, पोलिसांना प्रत द्या. पुढे चित्रण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

अंत्यसंस्कार होऊन गेले असतील तर फौजदारी बाजू लंगडी होते, पण सगळं संपत नाही. ग्राहक आयोगात पुरावा वेगळ्या मापाने तोलला जातो. आमचं प्रकरण त्याच आधारावर उभं आहे.

पाटीवर काय लिहिलंय ते आधी बघा

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल. त्याला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 लागू होतो. वृद्धाश्रम ही वेगळी गोष्ट, आणि ‘केअर सेंटर’ ही त्या दोघांच्या मधली पाटी. बेड, सलाईन, नर्स, नळीने भरवणं हे सगळं चालतं आणि नोंदणी विचारली की ‘आम्ही वृद्धाश्रम आहोत’ म्हणतात. पण 1949 चा कायदा फक्त आजारी किंवा जखमी माणसांपुरता नाही. दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागाही त्यात बसते.

शहरातली नोंदणी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे असते. शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मागायचं एवढंच: नोंदणी आहे का, किती खाटांची, शेवटची तपासणी कधी झाली, त्यात काय त्रुटी निघाल्या. ‘नोंदणी आढळत नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं तरी ते फाइलमधलं वजनदार पान ठरतं. जागा ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या नाशिक कार्यालयातही तक्रार करता येते. डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते, पण तिथून भरपाई मिळत नाही.

पोलीस तक्रार

निष्काळजीपणाने मृत्यू हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खालचा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नोंदणीकृत डॉक्टर उपचार करताना चुकला तर कमाल दोन वर्षं. भरवणारी आया किंवा व्यवस्थापक डॉक्टर नसतो, हे तक्रार लिहिताना लक्षात ठेवा. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 304-अ लागतं.

डॉक्टरवर लगेच गुन्हा नोंदवला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. त्यामुळे ‘मत यायचंय’ हे उत्तर दर वेळी टोलवाटोलवीच असतं असं नाही. पण अर्जच घेत नसतील तर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे लेखी द्या. तिथेही हलत नसेल तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173(4) आणि 175(3)).

ग्राहक आयोग

भरपाईसाठी मला हा रस्ता सगळ्यात सरळ वाटतो. पैसे देऊन घेतलेली सेवा असली पाहिजे, ही मुख्य अट. पूर्ण मोफत आश्रम असेल तर हे दार बंद. मग दिवाणी दावा. तो 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली असेल तर मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. ग्राहक तक्रारीलाही दोनच वर्षं.

ग्राहक मरण पावला असेल तर त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात. लग्न झालेली मुलगीही वारसच. सगळ्या वारसांची नावं घाला. एकच जण लढणार असेल तर बाकीच्यांचं संमतीचं शपथपत्र जोडा. भाचा म्हणून मला अर्ज करता आला नाही, आत्याच्या मुलीने केला. ती पुण्यात राहते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही जाता येतं, पण साक्षीदार इथले म्हणून तिने नाशिकच निवडलं.

कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, संस्थेला दिलेल्या पैशांवर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, त्यापुढे 50 लाखांपर्यंत 1000. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. वकील सक्तीचा नाही. हवा असेल आणि परवडत नसेल तर सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगही वाढवून देऊ शकत नाही.

कागदांत मृत्यूचा दाखला, मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शवविच्छेदन अहवाल, वारसांची आधार कार्डं आणि नातं दाखवणारा पुरावा हे ठरलेलं. पैसे दिल्याच्या पावत्या नसतील तर बँकेचं किंवा यूपीआयचं विवरण चालतं. पण प्रकरण उभं राहतं ते तीन कागदांवर: गिळण्याच्या त्रासाची नोंद असलेलं आधीच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, तो त्रास संस्थेला सांगितल्याचा पुरावा (भरतीचा फॉर्म, व्हॉट्सॲपचा मेसेज), आणि त्या दिवसाचं आहार व नर्सिंगचं रजिस्टर. रुग्णाची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखीच करा. रजिस्टर समोर दिसलं तर तिथेच फोटो काढा. आमच्याकडे तो फोटो आहे, कारण सामान आणायला गेलेल्या वहिनींनी पान उघडं दिसताच मोबाईल काढला. नंतर मागितलं तेव्हा ‘तसं रजिस्टर आम्ही ठेवत नाही’ असं उत्तर आलं.

भरती करताना ‘काही झाल्यास संस्था जबाबदार नाही’ यावर सही केली म्हणून मागे हटू नका. त्या सहीने तक्रारीचा हक्क जात नाही. सांभाळायची सही दुसरीच असते. अनामत परत देताना चेकसोबत एक कागद पुढे येतो, ‘सर्व हिशेब पूर्ण, आमची कोणतीही तक्रार नाही’. अनामत आपलीच असते. ती घ्या, ते वाक्य खोडा आणि सहीच्या वर आपल्या हाताने लिहा: ‘फक्त अनामत रक्कम मिळाली.’