भोरडी की भांगपाडी? आधी गळा बघा

काटेसावर फुलली की ओळखीतल्या कोणाकडून तरी फोटो येतोच, काळं डोकं, तुरा, गुलाबीसर अंग, आणि सोबत मेसेज की भोरडी, म्हणजे हिवाळ्यात येणारी गुलाबी मैना, दिसली! झूम करून बघितलं की बऱ्याचदा ती भांगपाडी मैना निघते. चूक होणं साहजिक आहे, दोघी साळुंकीच्याच कुळातल्या, आकार जवळपास सारखाच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दोघी त्याच सावरीवर, पळसावर, पांगाऱ्यावर फुलातला रस प्यायला येतात, तोंडाला पराग लागलेले असले की अजूनच गोंधळ होतो. पण भोरडी पाहुणी आहे आणि आता निघायच्या तयारीत आहे, भांगपाडी बारा महिने आपल्याकडेच राहणारी, म्हणून फरक कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तर सगळ्यात आधी गळा बघा. भोरडीचा काळा रंग डोक्यावरून गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरलेला असतो, माकडटोपी घातल्यासारखा. भांगपाडीला काळं फक्त टाळूवर, गाल आणि गळा बदामी-केशरी, आणि ते काळे केस मागे चोपून विंचरल्यासारखे दिसतात, नावसुद्धा त्यावरूनच. पाठमोरी बसली असेल तर अजून सोपं, भोरडीची पाठ गुलाबी आणि पंख काळे, भांगपाडीची पाठ राखाडी. उडताना शेपटीच्या कडेला पांढरं दिसलं तर भांगपाडी. नुसत्या चोचीवर मात्र विश्वास ठेवू नका. भांगपाडीची चोच पिवळी आणि बुडाशी निळसर असते हे खरं, पण भोरडीची पहिल्या वर्षाची पिल्लं इकडे येतात तेव्हा नुसती मातकट असतात आणि त्यांचीही चोच पिवळीच असते.

भोरडी बघायची तर आत्ताच बघा. हिवाळ्याच्या सुरुवातीला ती मळकट दिसते कारण नव्या पिसांची टोकं फिकट तपकिरी असतात, ती टोकं हळूहळू झिजतात आणि वसंत येईपर्यंत खालचा गुलाबी रंग उघडा पडतो, म्हणजे नवीन पिसं न येताच पक्षी उजळतो, मला हे दरवर्षी तितकंच भारी वाटतं.

थव्यावरूनही कळतं. भांगपाडी जोडीने नाहीतर चार-सहा जणी, भोरड्या शेकड्यांनी, कधी हजारोंनी, संध्याकाळी रातथाऱ्यावर, म्हणजे रात्री झोपायच्या झाडांवर, उतरायच्या आधी आभाळात त्यांचा काळा ढग वळवळत असतो. सोलापूरकडच्या ज्वारीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, कणसात दाणा भरला की गोफण घेऊन माळ्यावर उभं राहावं लागतं ते यांच्यामुळेच. शेतकऱ्याचं नुकसान होतं हे खरंच आहे, पण हाच पक्षी टोळ आणि नाकतोडेही भरपूर खातो. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग आणि भिंती बांधून देतात.

एप्रिलमध्ये त्या निघतात, कझाकस्तान आणि आजूबाजूच्या मध्य आशियात जातात, मे-जूनमध्ये दगडांच्या कपारीत वसाहती करून पिल्लं वाढवतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत यायलाही लागतात, म्हणजे वर्षातला बराचसा काळ त्या आपल्याच देशात असतात. तिकडे हे चालू असतं तेव्हा आपली भांगपाडी इथेच झाडाच्या ढोलीत नाहीतर जुन्या भिंतीतल्या भोकात पिल्लांना भरवत असते.

पळसाची फुलं गळायला लागली की शेवटचा थवा कधी दिसला ती तारीख आणि साधारण संख्या लिहून ठेवा, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी करायच्या वेबसाइटवर, टाकलीत तर उत्तमच. आणि मे अर्धा सरल्यावर कोणी भोरडी दिसली म्हणालं तर मी आधी गळ्याचा फोटो मागते.