इंजिन ‘सेम टू सेम’ असलं तरी आरटीओत जावंच लागतं

जुन्या बोलेरो पिकअपचं इंजिन निकामी झालं की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं: “त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं सेकंडहँड इंजिन टाका, कागदपत्रांची भानगडच नाही.” हे खरं नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ पाहा. त्याच बनावटीचं इंजिन परवानगीशिवाय बदलण्याची सवलत त्यात आहे खरी. पण ती किमान १० ट्रान्सपोर्ट गाड्या असलेल्या मालकांसाठी, तीही राज्य सरकारने अधिसूचना काढली तरच. त्यांनाही १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागतेच. एकाच पिकअपवर भाजी वाहणाऱ्याने आधी परवानगी घ्यायची.

आरसीवर चासी नंबरासोबत इंजिन नंबरही असतो. ८ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी; तिथे नंबर जुळला नाही की काम अडलं. विम्याच्या क्लेमला फाटे फुटतात ते वेगळंच.

भंगार बाजारात लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, धूर बघतात. नंबर मात्र क्वचितच कोणी बघतो. ब्लॉकवरचं ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसा. आकड्यांवर ग्राइंडर फिरवलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. चोरीचा माल असू शकतो. नंबर स्वच्छ असेल तर तो लिहिलेलं पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागून घ्या. आणि हो, इंजिन खाली आहे तोवरच क्लच प्लेट व मागचं ऑइल सील बदला, नाहीतर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा पडते.