म्युनिकचे ‘प्रोफेसर नेम्लिश’

अमूर्त चित्रकलेकडे वळलेला वासिली कांदिन्स्की किंवा अलेक्सेई यावलेन्स्की या रशियन चित्रकारांचं चरित्र उघडलं की सुरुवातीच्या पानांत एक नाव डोकावून जातं : आन्तोन आझ्बे, म्युनिकमधला चित्रकलेचा मास्तर. मग गोष्ट शिष्यांची होते आणि मास्तर मागे पडतो.

आझ्बे जन्मला 30 मे 1862 रोजी, श्कोफ्या लोकाजवळच्या दोलेन्चित्से या खेड्यात. आजचा स्लोव्हेनिया तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. लहानपणीच वडील क्षयाने गेले आणि आईचं मन त्या धक्क्यातून सावरलं नाही. पोर अंगाने खुजं, पाठीच्या कण्यात दोष. शेतीला निरुपयोगी म्हणून, सांभाळ करणाऱ्या पालकाने व्यापार शिकायला क्लागेनफुर्ट शहरी धाडलं. तिथे काही वर्षं काढून तो ल्युब्ल्यानाला, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियाच्या राजधानीला, पळाला आणि चर्चच्या भिंती रंगवणाऱ्या यानेझ वोल्फच्या हाताखाली लागला. ल्युब्ल्यानात कला अकादमी नव्हती; पुढे शिकायचं तर बाहेरच पडायला हवं. 1882 मध्ये व्हिएन्ना, 1884 मध्ये म्युनिक. म्युनिकच्या अकादमीत गाब्रिएल हाकल आणि लुडविग फॉन लोफ्ट्झ या शिक्षकांनी त्याचा वास्तववादी हात पक्का केला. ल्युब्ल्यानाच्या राष्ट्रीय कलादालनातलं त्याचं ‘झमोर्का’ हे 1889 मधलं एका कृष्णवर्णीय तरुणीचं व्यक्तिचित्र बघितलं, तर हा माणूस निव्वळ मास्तर नव्हता याची खात्री पटते.

शाळा निघाली 1891 मध्ये. फेर्दो वेसेल आणि रिहार्द याकोपिच या दोघा स्लोव्हेनियन चित्रकारांनी त्याला त्यात ओढलं. पुढे ती श्वाबिंग भागात, गेओर्गेनस्ट्रासेवर स्थिरावली. अकादमी तेव्हा मुलींना प्रवेश देत नसे, आझ्बे देई. सर्बियाची चित्रकार नादेझ्दा पेत्रोविच इथेच शिकली. 1896 मध्ये पीटर्सबर्गहून यावलेन्स्की, इगोर ग्राबार, द्मित्री कार्दोव्स्की आले, पाठोपाठ कांदिन्स्की. त्यांतला ग्राबार तर पुढे शाळेत मदतनीस म्हणून शिकवूही लागला.

शिकवण्याचं मूळ सूत्र एकच : गोल. डोकं काढायचं ना? मग पापण्या नि भुवया विसरा, आधी चेंडू बघा. उजेड कुठे पडतो, सावली कुठे वळते, तळाशी परतलेला उजेड किती. नाक हाही त्या मोठ्या गोलावरचा छोटा आकारच. रंगाचं दुसरं सूत्र : पॅलेटवर कालवत बसू नका. रुंद ब्रश घ्या, शुद्ध रंग शेजारीशेजारी ठेवा, हिऱ्याच्या पैलूंसारखे. याला तो ‘रंगाचं स्फटिकीकरण’ म्हणे. स्वतः वास्तववादी असलेल्या माणसाच्या वर्गातून अमूर्ताकडे जाणारी वाट का फुटली, याचं उत्तर मला या दोन सूत्रांतच दिसतं. आकार सोपा करायला आणि रंग सुटा ठेवायला त्याने शिकवलं. आपली शैली कुणावर लादली नाही.

कांदिन्स्कीला मात्र नग्न मॉडेलभोवती दाटीवाटीने बसून रेखाटायचा कंटाळा यायचा. तो वर्ग चुकवून शहरात रंग शोधत फिरे. तरीही आठवणी लिहिताना त्याने आझ्बेच्या माणुसकीचीच वाखाणणी केली आहे. अनेक विद्यार्थी फुकट शिकत. फी परवडत नाही म्हणणाऱ्याला मेहनत कर, एवढंच सांगणं असे.

तोंडात सिगार, आणि बोलण्यात सारखा ‘नेम्लिश’. हा जर्मन शब्द म्हणजे आपल्या ‘म्हणजे’चा भाऊ. त्यावरून पोरांनी त्याला ‘प्रोफेसर नेम्लिश’ करून टाकलं. दारू भरपूर होती, एकटेपणही. मनातली मोठी चित्रं मनातच राहिली. निःशंकपणे त्याचीच म्हणता येतील अशी कामं जेमतेम 26 आहेत, त्यांत विद्यार्थिदशेतले अभ्यासही आले.

दारूच्या नशेत बर्फात गोठून मेला, अशी कथा पुढे पसरली. पण तो गेला 6 ऑगस्ट 1905 रोजी, घशाच्या कर्करोगाने. ऑगस्टात म्युनिकला बर्फ कुठला?

शाळा त्याच्यामागे पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. कार्दोव्स्की आणि ग्राबार यांनी त्याची पद्धत रशियात नेली. तिकडे ल्युब्ल्यानात, जिथून शिकायला बाहेर पडावं लागलं होतं तिथेच, याकोपिच आणि मातेय स्टेर्नेन या त्याच्या दोघा शिष्यांनी काही वर्षांत स्वतःची चित्रशाळा उघडली.