आउटबोर्ड इंजिनाची सुटी इंधन टाकी

होडीच्या पिछाडीला बाहेरून बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाला पेट्रोल पुरवणारी, हाताने उचलून नेता येणारी टाकी. अगदी लहान इंजिनांमध्ये टाकी इंजिनाच्या आवरणातच असते. त्याहून मोठ्या इंजिनांसाठी साधारणतः १२ किंवा २५ लिटरची वेगळी टाकी होडीत ठेवतात. ती बहुधा प्लास्टिकची असते आणि रबरी नळीने इंजिनाला जोडली जाते. नळीच्या मध्ये प्रायमर बल्ब, म्हणजे हाताने दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा रबरी फुगा असतो व त्यातील झडपा पेट्रोलला एकाच दिशेने जाऊ देतात.

या व्यवस्थेत सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. इंजिनाचा पंप जेवढे पेट्रोल ओढतो तेवढीच हवा टाकीत यावी लागते; स्क्रू बंद राहिला तर टाकीत निर्वात तयार होतो, बल्ब चपटा होतो आणि इंजिन काही वेळाने गुदमरून बंद पडते. उलट, इंजिन बंद असताना स्क्रू आवळलेली टाकी नळीसह उन्हात राहिली, तर वाफेच्या दाबाने पेट्रोल नळीतून इंजिनाकडे ढकलले जाते व तेथून गळून होडीत साचू शकते. म्हणून इंजिन चालू असताना स्क्रू उघडा ठेवतात. काम संपल्यावर तो बंद करून नळीही सोडवतात. अमेरिकेत २०११पासून लागू झालेल्या नियमानुसार नव्या सुट्या टाक्यांचे हवाछिद्र आपोआप उघडते व मिटते आणि सुमारे ३५ किलोपास्कलपर्यंतचा दाब आत धरून ठेवते. अशी टाकी उन्हात फुगते. ती बिघडलेली नसते, मात्र नळी जोडण्याआधी झाकण सावकाश सैल करून दाब सोडावा लागतो.

जोडताना बल्बावरील बाण इंजिनाच्या दिशेने असावा लागतो. बल्ब बाण वर राहील असा उभा धरून घट्ट होईपर्यंत दाबतात. तो घट्ट होतच नसेल तर कोठेतरी हवा शिरते आहे किंवा झडप निकामी आहे. टोकांवरील जोडण्या दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात. जबरदस्तीने बसवलेली जोडणी नीट बंद होत नाही. इंजिन चालू असताना नळीत ओढ असल्यामुळे झिजलेल्या ओ-रिंगमधून (जोडणीतील रबरी कडीतून) पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत जाते, आणि गळती डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे तपासणी बल्ब घट्ट असताना, म्हणजे नळीत दाब असताना, प्रत्येक जोडावर बोट फिरवून करणे अधिक विश्वसनीय ठरते.

पेट्रोल भरताना टाकी होडीबाहेर काढून जमिनीवर किंवा धक्क्यावर ठेवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचते आणि वाऱ्यानेही सहजासहजी निघून जात नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ती पेट घेण्याइतकी तयार होत असल्याने थंड हवामानाचा भरवसा धरता येत नाही. होडीत कायमची बसवलेली टाकी जागेवरच भरावी लागते. सुट्या टाकीवर तशी सक्ती नसते, हा तिचा मोठा फायदा. तरीही तो अनेकदा सोडून दिला जातो, याचे साधे कारण वजन हे आहे: २५ लिटर पेट्रोलच १८ किलोग्रॅमहून अधिक भरते. प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार टिकून राहतो, म्हणून भरताना पंपाची तोटी टाकीच्या तोंडाला सतत टेकलेली ठेवतात आणि टाकी वाहनातील प्लास्टिकच्या किंवा गालिच्याच्या अस्तरावर ठेवून भरत नाहीत.

टाकी काठोकाठ भरत नाहीत. तापमान २० अंशांनी वाढल्यास २५ लिटर पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर फुगते, आणि त्या वाढीसाठी व वाफेसाठी वरती मोकळी जागा लागते. टू-स्ट्रोक इंजिनासाठी तेल मिसळायचे असल्यास, निर्मात्याने ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर २५ लिटरला अर्धा लिटर तेल लागते. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळत नाहीत. भरून झाल्यावर झाकण लावून बाहेरचे थेंब पुसतात, टाकी होडीत सरकणार नाही अशी बांधतात आणि वास पूर्णपणे गेल्यानंतरच नळी जोडतात.