अळंबी, मशरूम आणि ‘औषधी’ या शब्दाचा गुंता

दर पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे एक वाद उकरून निघतो: अळंबी तब्येतीला चांगली की घातक? गंमत अशी की दोन्ही बाजू बहुतेक वेळा वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला अळंबी म्हणजे वारुळावरची, जोराचे पाऊस झाले की छत्री उघडण्याआधीच खुडून आणलेली. हीच चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की ओळमी होते आणि वजनावर न विकता नगावर विकली जाते. कन्नड फलकावर ती अणबे. बेळगावच्या बाजारात प्लास्टिकच्या डबीतलं पांढरंशुभ्र बटण मात्र मशरूम. त्याला इथं अळंबी म्हटलं तर भाजीवाली बुचकळ्यात पडते. सीमेपलीकडून येणाऱ्या शेतीच्या मराठी पुस्तिका सगळ्यांनाच सरसकट अळंबी म्हणतात, त्यातल्या पेंढ्यावर वाढवलेल्या शिंपल्याच्या आकाराच्या जातीला धिंगरी. शाळेत भूछत्र शिकवलेलं असतं, आणि उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री.

हा नुसता भाषेचा कीस नाही. पुस्तिकेत छापलेले गुण असतात बटणाचे किंवा धिंगरीचे. वाचणारा ते रानातून आणलेल्या टोपलीला लावतो. उलट, रानातलं काहीतरी खाऊन विषबाधा झाल्याची बातमी आली की डबीतलं बटण आठवडाभर पडून राहतं. एका शब्दाखाली पाच वस्तू कोंबल्या की दुसरं काय होणार?

जुन्या काळी हा घोळ कमी होता असं वाटतं. सुश्रुतसंहितेत यांचे प्रकार पाडलेत ते उगवण्याच्या जागेवरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीतली. प्रत्येकीचे गुण निराळे सांगितलेत, आणि दोष शमवणारी म्हणून गौरव आहे तो पेंढ्यावरचीचा. स्मृतिग्रंथांनी मात्र लसूण-कांद्याच्या पंगतीत बसवून ती द्विजांना वर्ज्य ठरवली. चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांत ती आजही चुलीवर चढत नाही. बाकीच्यांना श्रावणात वशाट बंद असताना हीच मोठा आधार. मटणासारखी लागते, ती तिच्यातल्या ग्लुटामेट या चव आणणाऱ्या घटकामुळे.

खरं औषध म्हणून आमच्या घरात होता तो फणसोंबा: जुन्या फणसाच्या खोडाला चिकटून वाढणारी, लाकडासारखी टणक, तपकिरी बुरशी. आजी तो सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून उगाळायची आणि तोंड आलेल्या किंवा सारखी लाळ गाळणाऱ्या पोराच्या हिरड्यांना बोटानं लावायची. चव तुरट, लाकडाच्या भुशासारखी. त्याची भाजी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. खाण्याची वेगळी, उगाळायची वेगळी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोंधळ वाढला तो पुढच्या साठ वर्षांत. १९६२ च्या सुमारास म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत धिंगरीच्या गटातली एक जात भाताच्या पेंढ्यावर वाढवण्यात यश आलं आणि शेडमधल्या लागवडीचा रस्ता दक्षिणेत मोकळा झाला. १९६९ मध्ये बुरशीला वनस्पतींपासून वेगळं काढून स्वतंत्र सृष्टी देण्याची मांडणी झाली. म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं ती भाजीही नाही. तरी पाकिटावर हिरवा ठिपका असतो. जपानमध्ये १९७७ साली एका बुरशीचा अर्क आणि १९८५ साली शिताके या तिकडच्या खाण्यातल्या मशरूममधून काढलेलं लेंटिनन कर्करोगाच्या उपचारात पूरक म्हणून मंजूर झालं. लेंटिनन हे शुद्ध केलेलं इंजेक्शन आहे आणि ते केमोथेरपीच्या जोडीनं देतात. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं झालं, ‘मशरूम खा, कॅन्सर पळवा’.

प्रथिनांचंही तसंच. ‘मटणाइतकं प्रोटीन’ हा आकडा वाळवलेल्या पुडीचा. तिच्यात शंभर ग्रॅमला वीस-तीस ग्रॅम भरतं. ताज्या बटणात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, प्रथिन सुमारे तीन ग्रॅम, साधारण दुधाएवढं. चरबी नगण्य, कोलेस्टेरॉल नाही, तंतू आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं चांगली, पोटॅशियमही. एक गुण तर फुकटचा आहे आणि तोच कुणी सांगत नाही: चिरलेली मशरूम दुपारच्या उन्हात थोडा वेळ पसरून ठेवली की तिच्यातल्या एर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व होतं. शिजवून खाणं बरं, कारण पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचातलं, आणि ते कच्चं पचायला जड जातं.

वारुळावरची अळंबी शेडमध्ये होत नाही. वाळवी ती आपल्या वारुळात पोसते, दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही. म्हणून जाणत्या बायका वारूळ न मोडता वरच्या वर खुडतात. पुढच्या वर्षी तिथंच येते. रस्त्याकडेला पानांवर वाटे मांडून बसलेल्या मावशींना विचारलं तर उत्तर ठरलेलं: “आमच्या खाण्यातली हाय, भिऊ नकासा.” मला हे पाकिटावरच्या मजकुरापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्यांचीही पोरं तीच खातात.

भरवसा नाही तो घरगुती परीक्षांचा. चांदीचं नाणं काळं पडलं, लसूण निळा झाला, किड्यांनी खाल्लेली आहे, यातल्या कशावरूनही विष ओळखता येत नाही. सगळ्यात घातक जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सुरू होतो तो सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा. मधे उलट्या-जुलाब थांबून बरं वाटतं, तेव्हाच यकृत बिघडत असतं. अशा वेळी दवाखान्यात जाताना पातेल्यातली उरलेली भाजी आणि न शिजवलेली एखादी छत्री कागदात गुंडाळून सोबत न्यावी; नुसतं ‘अळंबी खाल्ली’ म्हटल्यानं डॉक्टरांना काहीच कळत नाही.