जुन्या जीपच्या स्टिअरिंगमधील आवाजांचे निदान

विलीज घराण्यातल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचे स्टिअरिंग फिरवताना खटखट, करकर, कुरकुर, घरघर असे नाना आवाज येतात. ते नेमके कोणत्या भागातून येतात, त्यांतले कोणते गाडीच्या रचनेतूनच येणारे आणि कोणते बिघाडाचे, हे पायरीपायरीने ठरवण्याची ही पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू (१९४१–४५), त्यांच्यामागून आलेल्या सीजे-२ए व सीजे-३ए आणि १९५३ची उंच बॉनेटची सीजे-३बी या सगळ्यांचे स्टिअरिंग मुळात एकाच धाटणीचे आहे. महिंद्रा कंपनीने १९४७मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बीच्या वंशातल्या गाड्या अनेक दशके इथेच बनवल्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या गॅरेजांना ही यंत्रणा परकी नाही.

स्टिअरिंगचे चाक आणि रस्त्यावरचे चाक यांच्यामध्ये सांध्यांची मोठी साखळी असते. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला रॉस बनावटीचा बॉक्स असतो. त्यात पिळाची खाच कोरलेला एक कॅम असतो आणि त्या खाचेत लिव्हर शाफ्टच्या दोन निमुळत्या पिना बसतात. कॅम फिरला की पिना सरकतात, शाफ्ट वळतो आणि बॉक्सबाहेरचा पिटमन आर्म पुढेमागे होतो. आर्म ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक पुढच्या बाजूला उभ्या पिनेवर फिरणारा बेलक्रँक वळवते आणि बेलक्रँकवरून निघालेले दोन कमीजास्त लांबीचे टाय रॉड डावी-उजवी नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग, फिरवतात. नकल किंगपिनच्या (तिच्या उभ्या खिळीच्या) बेरिंगांवर वळते आणि तिच्या पोटात, बंद गोळ्यामध्ये, पुढच्या चाकाला ताकद देणारा एक्सलचा जॉइंट असतो. प्रत्येक सांध्यात केसभर प्ले, म्हणजे सैलपणा, असला तरी तो स्टिअरिंगच्या चाकापाशी चार बोटांचा होऊन जाणवतो. आवाजाचेही तसेच आहे. तो चासीतून आणि दांड्यातून वर चढतो आणि ड्रायव्हरला प्रत्येक वेळी स्टिअरिंग बॉक्समधूनच आल्यासारखा वाटतो.

या गाड्यांचे सर्वांत मोठे नुकसान याच भासामुळे होते. बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर ॲडजस्टमेंटचा स्क्रू आणि लॉकनट हाताशीच असतो. आवाज आला, प्ले वाटला की पाना थेट तिथे लागतो. पण या बॉक्सची रचनाच अशी आहे की चाके सरळ असताना पिना खाचेत सर्वांत घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना वळताना थोड्या सैल होतात. बाहेरच्या ड्रॅग लिंकचा प्ले या स्क्रूने काढू गेले की मधली जागा आवळून झिजते. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग पुन्हा सैल आणि वळणावर जड होते, शिवाय वळून झाल्यावर आपोआप सरळही येत नाही. झिजलेला कॅम कोणत्याही ॲडजस्टमेंटने भरून येत नाही. म्हणून तपासणी नेहमी जमिनीकडून वर करत यावी आणि बॉक्सला हात सर्वांत शेवटी लावावा.

आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो हे जास्त सांगून जाते. गाडी उभी असताना येतो की चालताना? फक्त दिशा बदलतानाच एकदा ‘कट्ट’ होते, की चाकाच्या फेऱ्याबरोबर तालात वाजते? एकाच बाजूला वळताना की दोन्ही? टू-व्हीलमध्ये की फक्त फोर-व्हीलमध्ये? ब्रेक मारल्यावर बदलतो का? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली की पाना हातात घेण्याआधीच निम्मे निदान झालेले असते.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून, चारही चाके जमिनीवर टेकलेली असताना करतात. एकाने स्टिअरिंग बोटभर इकडे, बोटभर तिकडे असे सतत हलवत राहायचे आणि दुसऱ्याने गाडीखाली जाऊन एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. चाके उचलून ही चाचणी करू नये. टायरवर वजन असले तरच साखळीला अडसर मिळतो आणि सैल सांधा बोलतो. हवेत लटकलेले चाक नुसते मागोमाग वळते आणि झिजलेला सांधाही गप्प राहतो. हाताला बसणारा टोला कानापेक्षा खरा असतो. हात पोहोचत नाही तिथे लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सांध्यावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून ऐकावे.

या चाचणीत बहुतेक वेळा ड्रॅग लिंक किंवा बेलक्रँक सापडतो. ड्रॅग लिंक ही पोकळ नळी असते. तिच्या दोन्ही टोकांत आर्मचा गोळा दोन वाट्यांच्या मध्ये बसतो, मागे धक्का झेलणारी स्प्रिंग असते आणि तोंडाशी खाचेचा स्क्रू-प्लग व त्यातून आरपार स्प्लिट पिन. ग्रीस आटले की वाट्या गोळ्याला खातात. गोळा लांबट होतो, स्प्रिंग तुटते किंवा बसते आणि दिशा बदलताच कोरडे ‘कट्ट’ ऐकू येते. प्लग आवळण्याआधी सांधा उघडून गोळा बोटाने चाचपावा. बोटाला कड लागली तर तो आर्मच बदलायचा असतो. लांबट गोळ्यावर प्लग आवळला तर सरळ असताना ठीक वाटते आणि वळणावर सांधा अडकतो, हे जास्त धोक्याचे. गोळा शाबूत असेल तर प्लग पूर्ण घट्ट बसवून मग थोडा मागे घेतात, पुढच्या टोकाला अर्धा फेरा आणि मागच्या टोकाला एक फेरा. त्यानंतर नवी स्प्लिट पिन घालतात. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये.

बेलक्रँकचा आवाज जाड असतो, ‘खट्’ असा. त्याच्या पिनेवरची बेरिंग पाणी आणि चिखलाने गंजते, तिच्यातल्या सुयांसारख्या बारीक रोलरांचा चुरा होतो आणि मग अख्खा बेलक्रँक वळण्याआधी एका अंगावर कलतो. खालून पाहिले तर हे कलणे नुसत्या डोळ्यांना दिसते. बेलक्रँक जागेवरच झुकत असेल तर टाय रॉडचे टोक कितीही नवे घातले, टो-इन (पुढची चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणे) कितीही जमवले तरी ते टिकत नाही. या गाड्यांना टो-इन सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या आसपासच लागते आणि बेलक्रँकचा प्ले त्याहून मोठा असतो. पुढच्या स्टिअरिंगमधला एकच भाग नवा करण्याइतके पैसे असतील, तर ते बेलक्रँकवर घालावेत.

सांधे शांत असतील तर बॉक्सचे बोल्ट पाहावेत. दिशा बदलताना बॉक्स चासीवर केसभरही सरकत असेल तर प्रत्येक वेळी एकच टोला ऐकू येतो. बोल्ट घट्ट असूनही तो येत असेल, तर तारेच्या ब्रशने चिखल-रंग खरवडून बॉक्सभोवतालची चासी तपासावी. जुन्या जीपची चासी इथे तडकते आणि तडा रंगाखाली लपलेला असतो. वेल्डिंगपूर्वी तड्याच्या टोकाला भोक पाडले नाही तर तो वेल्डिंगच्या पलीकडे पुढे सरकतो.

दुसरी चाचणी पुढचा एक्सल भक्कम स्टँडवर उचलून करतात. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. मध्येच खरखर लागली, अडले किंवा कुरकुरले तर ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवावी. आता स्टिअरिंग आणि चाके एकमेकांपासून मोकळी झाली. खरखर स्टिअरिंगच्या चाकातच राहिली तर दोष बॉक्समध्ये किंवा दांड्याच्या वरच्या बेरिंगमध्ये, आणि हाताने चाके वळवताना लागली तर नकलमध्ये. दहा मिनिटांच्या या कामाने महिनोन्‌महिन्यांचे तर्क संपतात, आणि नेमके हेच कोणी करत नाही.

नकलचा दोष निघाला तर किंगपिनची बेरिंग आणि त्यांच्या झाकणांखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, पाहायचे. टाय रॉड सोडून, सील काढून नकलच्या आर्मला वजनकाट्याची स्प्रिंग अडकवून ओढतात. सुमारे १.८ ते २.७ किलोच्या ओढीला ती वळायला हवी. सैल असेल तर खड्ड्यात आणि ब्रेक मारताना खालून ‘धप्प’ असा दबका आवाज येतो आणि ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. फार आवळलेली असेल तर सावकाश वळताना कुरकुर येते. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांत आणखी एक कारण असते. ओढ्यातून गाडी घातली की गोळ्याच्या फेल्ट सीलमधून पाणी आत शिरते. नकलचा प्लग उघडल्यावर वंगण दुधाळ दिसले तर सगळे उपसून, धुऊन पुन्हा भरावे लागते. गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलही एका पावसाळ्यात फाटते.

चालत्या गाडीत, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाच्या फेऱ्याबरोबर ‘कट-कट-कट’ असा धारदार ताल ऐकू आला तर तो एक्सलच्या जॉइंटचा. या जीपना बेंडिक्स, रझेप्पा, स्पायसर आणि युद्धकाळात ट्रॅक्टा असे वेगवेगळे जॉइंट लागलेले आहेत. बेंडिक्स आणि रझेप्पामध्ये गोळ्या खाचांतून धावतात. खाच झिजली की ताकद पडताच गोळी उडी मारते आणि ‘कट’ होते. फ्री-व्हीलिंग हब (पुढचे चाक एक्सलपासून मोकळे करता येणारे हब) बसवलेले असतील तर ते मोकळे करून तेच वळण घ्यावे. आवाज गेला तर दोष एक्सलमध्ये, राहिला तर हबच्या बेरिंगमध्ये किंवा टायरमध्ये. असे हब नसलेल्या गाडीत एक्सल टू-व्हीलमध्येही फिरतच असतो, त्यामुळे मोकळ्या मातीच्या मैदानात फोर-व्हील घालून दोन्ही बाजूंना गोल फिरवून फरक ऐकावा लागतो. स्पायसर जॉइंट साध्या क्रॉसचा असतो. वळलेल्या कोनात तो दर फेऱ्याला दोनदा वेग कमीजास्त करतो. फोर-व्हीलमध्ये पूर्ण वळणावर स्टिअरिंगला बसणारे हे झटके त्याचा स्वभाव आहेत, झीज नव्हे.

स्वाभाविक आवाजांत सर्वांत फसवा आवाज डांबरी रस्त्यावर फोर-व्हील घातल्याचा. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शिअल नसल्याने दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. कोरड्या रस्त्यावर टायर घसरू शकत नाही, शाफ्टांमध्ये पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी कण्हते आणि पीळ सुटताना ‘धाड्’ वाजते. थोडे मागे घेतले की सगळे मोकळे होते. यासाठी एकही भाग उघडायचा नसतो. फोर-व्हील माती, वाळू, चिखल यांतच वापरायचे.

उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना येणारी लांबट कुरकुर पाट्यांच्या शॅकलमधून, म्हणजे स्प्रिंगचे पाटे चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्यातून, येते. संशयित बुशवर पाणी ओतावे. आवाज लगेच बदलला किंवा थांबला तर जागा सापडली, मग ग्रीस गन लावावी. ग्रीस बाहेर येत नसेल तर निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) बंद झालेले असते. मोठे टायर बसवलेल्या जीपमध्ये पूर्ण वळणावर घासल्याचा आवाज येतो. पाट्यावर किंवा चासीवर चकचकीत पट्टा शोधावा आणि नकलवरचा, वळण अडवणारा स्टॉप बोल्ट त्यानुसार फिरवून थोडा बाहेर लांबवावा. स्टिअरिंगच्या दांड्यातली बारीक किरकिर वरच्या बेरिंगची किंवा हॉर्नच्या वायरच्या संपर्काची असते.

हे सगळे निरोगी निघाले तरच बॉक्सचे झाकण उघडावे. तिथेही आधी तेल पाहावे. शाफ्टच्या सीलमधून तेल गळते म्हणून पुष्कळदा बॉक्समध्ये ग्रीस कोंबलेले असते. ते कॅमच्या खाचेतून बाजूला फेकले जाते आणि परत वाहून येत नाही, मग पिना कोरड्या घासतात आणि घरघरतात. सील बदलून गिअर ऑइल भरणे हाच उपाय. स्क्रूची ॲडजस्टमेंट चाके सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडूनच करायची.

स्प्लिट पिन गायब असलेला प्लग, तडकलेला पिटमन आर्म, कलणारा बेलक्रँक किंवा वाटीतून निसटू पाहणारा टाय रॉडचा गोळा आढळला, तर ती जीप चालवत तर नेऊ नयेच, दोर लावून टोचनही करू नये, कारण ओढलेल्या गाडीलाही स्टिअरिंग लागते. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकून, पुढची चाके क्रेनने उचलून ती गॅरेजपर्यंत न्यावी.