ए-६६: तुकड्यातुकड्यांनी रुंदावलेला रस्ता

उत्तर इंग्लंडात पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर पेनाइनची डोंगररांग आडवी येते. दक्षिणेचा एम-६२ महामार्ग आणि स्कॉटलंडच्या सीमेजवळचा ए-६९ रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात अवजड वाहतुकीची सारी भिस्त ए-६६ वर. त्याचा पेनरिथ ते स्कॉच कॉर्नर हा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा अपघातांसाठी बदनाम आहे.

वाट मुळात रोमन सैन्याची. बाउझ, ब्रो, कर्बी थोर इथले रोमन किल्ले आजही याच रेषेत सापडतात. १७४३ मध्ये बाउझ ते ब्रो हा टोलरस्ता झाला. याच वाटेवरचा स्टेनमोरचा घाट ओलांडणारा रेल्वेमार्ग १८६१ मध्ये आला आणि १९६२ मध्ये बंद पडला. उरला तो रस्ता.

पुढे त्याचं रुंदीकरण झालं, पण एकसलग कधीच नाही. पैसे मिळतील तसा एखादा तुकडा चौपदरी, एखाद्या गावाला बाहेरून वळणरस्ता. टेंपल सोअर्बी गावाला तो २००७ मध्ये मिळाला. तरीही सहा ठिकाणी मिळून सुमारे २९ किलोमीटर रस्ता दुभाजकाविना दुपदरीच राहिला, आणि खरी मेख इथेच आहे. चौपदरीवर सुसाट आलेली गाडी अचानक अरुंद पट्ट्यात शिरते. पुढे ट्रकची रांग किंवा शेताच्या फाट्यावरून वळणारा ट्रॅक्टर. मागे अडकलेला चालक कंटाळतो आणि समोरची वाहनं दिसत असतानाही ओव्हरटेकचा मोह होतो. समोरासमोरच्या धडका बहुधा अशाच होतात. एरवीही इथल्या वाहनांत जवळजवळ चौथा हिस्सा ट्रकांचा. जूनमध्ये ॲपलबीचा घोडेबाजार भरतो, तेव्हा घोडागाड्याही याच रस्त्यावर.

हवामानही सोबतीला आहेच. घाटमाथा सव्वाचारशे मीटरहून उंच. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद करावा लागतो, जोराच्या वाऱ्यात उंच गाड्यांना मज्जाव होतो. क्रॉस फेल या डोंगराच्या उतारावरून कोसळणाऱ्या वाऱ्याला तर स्वतःचं नावच आहे: हेल्म.

उरलेले सहाही पट्टे चौपदरी करण्याच्या प्रस्तावाला मार्च २०२४ मध्ये परवानगी मिळाली. जुलैत सरकार बदललं, खर्चाचा फेरआढावा सुरू झाला आणि काम पुन्हा लटकलं. निधीला हिरवा कंदील मिळाला तो जुलै २०२५ मध्ये.